फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि शिपायांचीं घरें

रात्रीं हातीं दिवा घेऊन रोग्यांच्या खाटांमधून हिंडणारी परिचारिका म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु परमुलखांत पडलेल्या शिपायांचा घराशीं तुटत चाललेला संबंध ह्याच बाईंनीं कसा जोडून ठेविला, हें फारसें सांगण्यांत येत नाहीं. म्हणून त्यांच्या चरित्राचा तो भाग आम्हीं येथें देत आहोंत.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. त्या शहरावरूनच त्यांचें नांव ठेविलें गेलें. घराणें इंग्रज, श्रीमंत व प्रतिष्ठित. मुलीनें रुग्णसेवा करावी हें आईस व बहिणीस मुळींच रुचलें नाहीं, व कित्येक वर्षें त्यांनीं तिला अडवून धरिलें. पुढें क्रिमियाचें युद्ध पेटलें, तेव्हां १८५४ च्या आक्टोबरांत ३८ स्त्रियांस बरोबर घेऊन बाई निघाल्या, आणि ४ नोव्हेंबर रोजीं तुर्कस्थानांतील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत पोंचल्या.

तेथें जखमांपेक्षां घाण व सांथीचे रोग ह्यांनींच अधिक माणसें मरत होतीं. त्या रोगांशीं बाई कशा झगडल्या हें सर्वश्रुत आहे. पण घरची वार्ता नसणें हेंही शिपायाचें एक दुखणेंच आहे, हें त्यांनीं ओळखिलें. दिवसभर राबून रात्रीं त्या पत्रें लिहावयास बसत. शिपाई वारला म्हणजे त्याचा शेवट कसा झाला, हें त्याच्या आईस किंवा पत्नीस त्या स्वतः कळवीत. बेपत्ता माणसाचा ठावठिकाणा विचारणारीं पत्रें इंग्लंडांतून त्यांच्याकडे येत. त्यांचीही त्या दाद घेत.

पगाराचा प्रश्न याहून बिकट होता. शिपाई पैसे दारूंत उडवितो, घरीं कधीं धाडणार नाहीं, असें बहुतेक अधिकाऱ्यांचें मत होतें. खुद्द युद्धमंत्री लॉर्ड पॅन्म्यूअर ह्यांचेंही तेंच. बाईंचा विचार निराळा होता. पैसे घरीं धाडण्याची सोपी व खात्रीची सोय नाहीं, आणि दारूचें दुकान मात्र जवळ आहे. मग शिपायानें करावें काय? त्यांनीं आठवड्यांतून एक दुपार नेमून आपल्या खोलींत शिपायांचे पैसे घेण्यास आरंभ केला. ते इंग्लंडास जात, व तेथें त्यांच्या मनीऑर्डरी होऊन घरोघर पोंचत. दरमहा सुमारें १,००० पौंड जमूं लागले! पुढें व्हिक्टोरिया राणीच्या कानांवर ही गोष्ट गेली, आणि १८५६ च्या प्रारंभीं सरकारनेंच मनीऑर्डरीच्या कचेऱ्या उघडिल्या. सहा महिन्यांच्या आंत ७१,००० पौंड घरीं गेले. हा सारा पैसा एरवीं दारूच्या पेल्यांत गेला असता, असें बाईंचें म्हणणें होतें.

१८५५ च्या सप्टेंबरांत इंकरमन नांवाचें काफीगृहही निघालें. शिपायांसाठीं वाचनाच्या खोल्या झाल्या व शिकवणीचे वर्ग निघाले.

१८५६ च्या मार्चांत तह झाला. आगष्टांत बाई कोणताही सत्कार न स्वीकारतां गुपचूप घरीं परतल्या. १३ आगष्ट १९१० रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

आपल्याकडेही एके काळीं पलटणींतल्या मुलाची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन दारीं आला म्हणजे सारें घर उंबऱ्याशीं जमे. रकमेहून मुलगा सुखरूप आहे, हाच आनंद मोठा असे. विद्यार्थी हो, एखाद्याला बेफिकीर किंवा व्यसनी म्हणून हिणविण्यापूर्वीं, त्याला चांगलें वागण्याची वाट कोणीं मोकळी करून दिली आहे काय, हें आपण आधीं पाहावें. नाइटिंगेलबाईंनीं तेंच पाहिलें. आणि तुमच्यांतील जे वसतिगृहांत राहतात, त्यांनीं ह्या आठवड्याचें घरचें पत्र लिहावयाचें राहिलें असल्यास तें आजच लिहावें.