टायरवाले डनलॉप



जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमध्ये ड्रेगहॉर्न या गावी शेतकऱ्याच्या घरी झाला. शिकून ते गुरांचे डॉक्टर झाले व आयर्लंडात बेलफास्ट शहरी राहू लागले. गाड्यांचा धंदा त्यांचा नव्हताच.

त्यांच्या मुलाकडे तीनचाकी सायकल होती. मुलगा माझ्याएवढाच, नऊदहा वर्षांचा. चाकांना भरीव रबर आणि रस्ता दगडी. पोरगा नुसता हादरायचा. म्हणून १८८७ साली डनलॉप यांनी पातळ रबराची नळी केली, ती लाकडी चकतीवर बसवली, वरून जाड कापड ठोकले आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग आवारात आधी सायकलचे चाक सोडले. ते थोडे जाऊन पडले. नंतर हवेचे चाक सोडले. ते पार टोकापर्यंत पळाले आणि फाटकाच्या खांबाला आपटून मागे आले! आपण काठीने टायर पळवतो ना, तशीच ही गंमत.

हवा दबते, म्हणून खड्ड्याचा दणका कमी बसतो. गाडीचा सगळा भार हवाच पेलते. आमच्या शेजारच्या काकांच्या जुन्या पिकअपला टायर घ्यायचे होते. त्यांच्या मुलाला रुंद टायर आणि चकचकीत चाके पाहिजे होती. काका म्हणाले की रुंद टायर वळताना मडगार्डला घासेल आणि स्टेअरिंग जड होईल. जुन्या टायरवर ६.००-१६ असे लिहिले होते. म्हणजे रुंदी ६ इंच, चाक १६ इंचाचे. काकांनी त्याच मापाचे, ट्यूबवाले, मोठ्या खाचांचे टायर घेतले. आपल्याकडे पावसात चिखल फार, खाचा खोल असल्या की चाक कमी घसरते. पण टायर किती वजन पेलतो तेही बघावे लागते. नागलीची पोती भरली आणि हवा कमी असली तर टायर तापून फुटतो. घाटात फुटला तर माणसे जातील.

डनलॉप यांनी १८८८ साली पेटंट घेतले. त्या जाड टायरला लोक आधी हसले. १८८९ साली विली ह्यूम याने त्याच टायरवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या, मग हसणे थांबले. पण पुढे कळले की रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ सालीच हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. लोक ते विसरून गेले होते. डनलॉप यांचे पेटंट गेले. कंपनी मोठी झाली, पण ते स्वतः फार श्रीमंत झाले नाहीत. मला याचे वाईट वाटते, आणि थॉमसन यांचे त्याहून जास्त, कारण त्यांचे नाव तर टायरवरसुद्धा नाही.

डनलॉप २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे वारले.

इयत्ता ४ थी, जि. प. शाळा, पोशेरा