चिमाजी अप्पा : वसईचा विजय आणि उशिरा फुटलेला सुरुंग



भाईंदर पश्चिमेहून उत्तन-चौकची बस पकडली की शेवटी आपण धारावीच्या टेकडीपाशी पोहोचतो. (मुंबईतली धारावी नव्हे, ही आपली भाईंदरची.) टेकडीवरून खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. आजचा पाठ ज्यांच्यावर आहे त्या चिमाजी अप्पांसाठी ही टेकडी फार मोलाची होती. का, ते पुढे येईलच.

चिमाजी अप्पा हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट आणि राधाबाई यांचे धाकटे चिरंजीव, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे भाऊ. बाजीरावांना 1720 साली पेशवाई मिळाली आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांचा उजवा हात झाले. आपल्या पुस्तकांत बाजीरावांवर पानेच्या पाने असतात आणि अप्पांना दोन ओळी मिळतात, हे मला कधीच पटलेले नाही. 1728 च्या नोव्हेंबरात माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला. एप्रिल 1736 मध्ये रेवसच्या बाजूला सिद्दी सात मारला गेला, ती लढाईही अप्पांचीच. प्रकृती मात्र नाजूक होती. छातीचे दुखणे त्यांची पाठ सोडत नव्हते. 1730 साली मुलगा सदाशिव झाला आणि थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई वारल्या. ते पोर आजीने वाढवले.

आता वसईकडे येऊया. साष्टी बेट, म्हणजे ठाण्यापासून वांद्रे-भाईंदरपर्यंतचा आपला सगळा मुलूख, पोर्तुगीजांकडे होता. 1737 मध्ये ठाणे घेऊन मराठ्यांनी साष्टीत पाय रोवला. वसई मात्र हाती येईना. तिला बहुतेक बाजूंनी समुद्र आणि खाडी, जमिनीची वाट फक्त उत्तरेकडून, आणि त्या वाटेवर तोफांनी भरलेले बुरूज! 1739 च्या सुरुवातीला अप्पा स्वतः मोहिमेवर आले. माहीम, तारापूर घेतले. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मार्चमध्ये आपली धारावी पडली. धारावी हातात आली म्हणजे खाडीच्या तोंडावर पहारा बसला, वसईला गलबतातून येणारी रसद अडवता येऊ लागली. कळले ना टेकडीचे मोल?

तरीही तट उभाच होता. तो तोफगोळ्यांनी लवकर ढासळत नाही, म्हणून खालून सुरुंग लावायचे ठरले. सुरुंग म्हणजे काय? तटाच्या पायापर्यंत जमिनीखालून बोगदा खणायचा, त्यात दारूची पोती ठेवायची, बाहेरपर्यंत दारूची वात आणायची आणि पेटवून द्यायची. ऐकायला सोपे वाटते. पण खरी गोम पेटण्यातच असते बरं का.

त्या काळच्या दारूत तीन गोष्टी असत: सोरा, कोळसा आणि गंधक. सोरा सर्वांत जास्त, साधारण तीन चतुर्थांश. सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यातले क्षार हवेतली ओल ओढतात. पावसाळ्यात आपल्या डब्यातले मीठ कसे पाझरते, तसेच. मग दारू दिसायला काळीच राहते, पण पेटताना फुरफुरते, रेंगाळते नाहीतर गपगार पडते. बंदुकीच्या कानाशी जी चिमूटभर बारीक दारू ठेवत तिला रंजक म्हणत. (गमतीचा रंजक वेगळा आणि हा वेगळा!) रंजक भिजला की आतली दारू कितीही चांगली असो, बार होत नाही.

पुढे रंजकाची जागा एका छोट्या धातूच्या टोपीने घेतली. आजच्या काडतुसाच्या बुडाशी ती असते, तिला प्रायमर म्हणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे भरता येत नाहीत, पण परदेशात नेमबाज ती घरी भरतात आणि त्यांना एक प्रश्न नेहमी पडतो: वीस-तीस वर्षांपूर्वीचे प्रायमर चालतील का? कोरड्या, थंड जागी ठेवलेले बहुधा चालतात. उष्णता आणि ओल लागलेल्यांचा भरवसा नाही, आणि वाईट म्हणजे वरून पाहून फरक कळत नाही. त्यातही अजिबात न पेटणाऱ्यापेक्षा उशिरा पेटणारा जास्त घातक. म्हणून चाप ओढूनही बार झाला नाही तर बंदूक लगेच उघडायची नाही, नळी सुरक्षित दिशेला धरून थांबायचे, असा नियम आहे. दिवाळीत न फुटलेल्या फटाक्यावर वाकणारी मुले तुम्ही पाहिलीच असतील.

वसईला मे महिन्यात हेच घडले. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालच्या सुरुंगांना बत्ती दिली. काही फुटले, तटाला खिंडार पडले आणि मराठे त्यात घुसले. एवढ्यात मागे राहिलेला सुरुंग फुटला, आणि तो आपल्याच माणसांखाली. शेकडो गेले! जिंकत आलेला हल्ला तिथेच थांबला असता तर नवल नव्हते. पण अप्पांनी पुन्हा हल्ला चालू ठेवला आणि अखेर तो बुरूज घेतला. वसई घेता येत नसेल तर माझे मस्तक तोफेने किल्ल्यात टाका, असे ते म्हणाल्याची दंतकथा याच वेढ्याची आहे. खरीखोटी देव जाणे, पण लोकांनी ती जपली.

पोर्तुगीज सेनापती मार्तिन्यो द सिल्व्हेरा वेढ्यात मारला गेला होता, दारूगोळा संपत आला होता. त्यांनी शरणागती पत्करली. मराठ्यांची काही हजार माणसे या वेढ्यात कामी आली, आणि तरीही अप्पांनी सूड घेतला नाही, हे मला सर्वांत मोठे वाटते. शत्रूच्या शिबंदीला आठ दिवसांची मुदत दिली, बायकामुलांसह आणि हत्यारांसह जाऊ दिले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. वसई-उत्तनची चर्चे आजही गजबजलेली आहेत. लढाईआधी केलेल्या नवसाप्रमाणे वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. वसईतल्या घंटा गावोगावच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तुम्ही पाहू शकता.

पुढचे वर्ष वाईट गेले. 28 एप्रिल 1740 ला नर्मदाकाठी बाजीराव वारले. डिसेंबरात पुण्यात अप्पाही गेले. तेव्हा सदाशिव जेमतेम दहा वर्षांचा होता. वीस वर्षांनी पानिपतावर पडलेले सदाशिवराव भाऊ, ते हेच.