ढाब्यावर सुचली कॉम्प्युटरची मेमरी, पण श्रेय मिळालं ते थेट कोर्टात

दौंड-शिरूर पट्ट्यात भीमेच्या, घोडच्या काठी उसाला पाणी द्यायचं म्हणजे रात्री-अपरात्री येणारी लाईट. म्हणून आता कित्येक मोटरींना मोबाईलवरून चालणारा ऑटो स्टार्टर असतो. त्यातला मायक्रोकंट्रोलर म्हणजे चिमुकला कॉम्प्युटरच. तुमच्या मोबाईलची रॅम सेकंदाला कित्येकदा स्वतःला रिफ्रेश करते, नाहीतर सगळं विसरेल. मग स्टार्टरमधल्या चिपला रिफ्रेश लागतं का?

त्यासाठी जॉन व्हिन्सेंट अटॅनासॉफ हा माणूस माहीत पाहिजे.

जन्म ४ ऑक्टोबर १९०३, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडील बल्गेरियातून आलेले इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आई गणिताची शिक्षिका. १९३० ला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली, तेव्हा हाताने आकडेमोड करून गडी पार वैतागला होता. पुढे आयोवा स्टेट कॉलेजात शिकवताना विद्यार्थ्यांचेही तेच हाल. हे काम यंत्राने करावं, हे डोक्यात बसलं, पण जमेना.

१९३७ चा हिवाळा. वैतागून गाडी काढली आणि सुमारे ३०० किलोमीटर लांब, मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमधल्या एका ढाब्यावर जाऊन बसला. (आयोवात तेव्हा बारमध्ये दारू मिळत नसे, हेही एक कारण!) तिथे ग्लास समोर असताना कोडं सुटलं. आकडे ० आणि १ मध्ये मांडायचे आणि साठवायचे कपॅसिटरमध्ये.

कपॅसिटर म्हणजे आपल्या पंख्यात असतो तोच प्रकार. अडचण एवढीच की, भोक पडलेल्या बादलीसारखा त्यातला चार्ज गळतो. यावर त्याने काढलेला तोडगा साधा होता. कपॅसिटर बसवलेला ड्रम सेकंदाला एक फेरी मारणार आणि दर फेरीत पुसट होत चाललेला आकडा वाचून पुन्हा गिरवला जाणार. हेच रिफ्रेश.

१९३९ मध्ये ६५० डॉलरच्या मदतीवर, क्लिफर्ड बेरी या विद्यार्थ्याला घेऊन यंत्र बांधायला सुरुवात झाली. १९४१ मध्ये जॉन मॉकली येऊन ते बघून गेला. पुढच्या वर्षी अटॅनासॉफ युद्धकाळात नौदलाच्या कामावर गेला. पेटंट कॉलेजच्या कागदांतच राहिलं, यंत्र नंतर मोडीत निघालं. १९४६ ला मॉकली आणि एकर्टचा एनिॲक जगासमोर आला आणि पहिल्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचा मान त्यालाच मिळाला.

हिशोब झाला १९ ऑक्टोबर १९७३ ला. न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी एनिॲकचं पेटंट रद्द केलं आणि मूळ कल्पना अटॅनासॉफची असल्याचं निकालात नोंदवलं. अर्थात त्याच्या यंत्रात प्रोग्राम बदलता येत नव्हता, म्हणून वाद आजही आहेच. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते पदक मिळालं, १५ जून १९९५ ला तो गेला. बेरी निकालाच्या दहा वर्षं आधीच वारला होता.

आता स्टार्टरचं. मोबाईलची डीरॅम आजही कपॅसिटरवरच चालते, म्हणून तिला रिफ्रेश लागतं. मायक्रोकंट्रोलरमध्ये बहुधा एसरॅम असते. तिच्यात कपॅसिटर नाही, एकमेकांना धरून ठेवणारे ट्रान्झिस्टर असतात, त्यामुळे रिफ्रेशची गरज नाही. ही मेमरी महाग आणि जागा खाणारी, म्हणून थोडीच देतात. अर्डुइनो उनोच्या चिपमध्ये फक्त २ किलोबाइट. पण लाईट गेली की एसरॅमही कोरी. म्हणून तुम्ही लावलेला टायमर लाईट जाऊन आल्यावरही तसाच राहायला हवा असेल, तर तो ईईप्रॉम किंवा फ्लॅश मेमरीत लिहून ठेवावा लागतो.