देवळालीच्या गुरुजींचा ६१७४

गणिताचं नाव काढलं की आपल्या बऱ्याच घरांत मुलं वही मिटतात. आई-वडीलही मग म्हणतात, जाऊ दे, हे आपल्या बसचं काम नाही. अशा घरांसाठी आम्ही आज दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील कारकून, पण त्यांना ज्योतिषाचा शौक होता. त्यातली आकडेमोड पाहता पाहता मुलाला संख्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली. पुढची मोठी डिग्री नव्हती, पण इल्मची तहान होती.

१९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा गुण सापडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. समजा १९४७ घेतले. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ६३५४, ३०८७, ८३५२ आणि शेवटी ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४ च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचता. वजाबाकीत शून्य पुढे आलं तर ते मात्र सोडायचं नाही, ९९९ आलं तर ०९९९ धरायचं.

ही काही जादू नाही. पहिल्याच वजाबाकीनंतर हजारो संख्यांमधून फक्त ५४ उत्तरं शक्य उरतात आणि त्या सगळ्यांची वाट ६१७४ कडेच जाते.

आणखी एक मौज पाहा. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागलं तर ३४३ येतात, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असं नाव दिलं.

मात्र त्या काळी अनेक गणितज्ञांनी हे काम पोरखेळ समजून बाजूला सारलं. गुरुजी तरी थांबले नाहीत. पदरचा पैसा खर्चून गणिताच्या परिषदांना जात राहिले. १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला त्यांची कदर कळली. १९८६ साली ते गेले. आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आम्हा शिक्षकांना आणि पालकांना यातून एवढंच घ्यायचं आहे: मूल आकड्यांशी खेळत असेल तर त्याला टोकू नका. आज रात्री जेवण झाल्यावर घरात कागद-पेन काढा, मुलांना आवडीची चार अंकी संख्या घ्यायला सांगा आणि वजाबाकी त्यांनाच करू द्या.