देण्याघेण्याचा अभ्यासक

मनुष्य श्रम कशासाठी करतो आणि वस्तूंची देवघेव कशासाठी करतो? पोट भरावे व चार पैसे गाठीला राहावेत, एवढाच त्यात हेतू असतो, असा पुष्कळांचा समज आहे. या समजाला ज्याने प्रत्यक्ष अवलोकनाच्या आधारे धक्का दिला, तो विद्वान म्हणजे ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की होय.

मॅलिनोव्हस्कीचा जन्म ७ एप्रिल १८८४ रोजी पोलंडमधील क्राकूव शहरी झाला. हे शहर त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. त्याचे वडील भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु लहानपणीच त्याचे पितृछत्र हरपले. प्रकृती नाजूक, त्यातच दृष्टी अधू. म्हणून आई त्याला ग्रंथ वाचून दाखवी. १९०८ साली त्याने डॉक्टरेट संपादन केली. पुढे मानवशास्त्राची ओढ लागून १९१० मध्ये तो लंडनला गेला.

१९१४ साली तो ऑस्ट्रेलियात पोचला, तोच पहिले महायुद्ध पेटले. ऑस्ट्रियाचा प्रजाजन म्हणून तो ब्रिटिशांच्या लेखी शत्रुपक्षाचा ठरला. तथापि त्याला संशोधनाची परवानगी मिळाली. १९१५ ते १९१८ या काळात दोन वेळा तो न्यू गिनीच्या पूर्वेकडील ट्रोब्रिआंड बेटांवर जाऊन राहिला. ओमाराकाना गावी झोपड्यांच्या मध्येच त्याने आपला तंबू ठोकला आणि तेथील भाषा आत्मसात केली.

तेथे त्याला 'कुला' नावाची विलक्षण प्रथा आढळली. बेटवासी होड्यांतून धोक्याचा सागरप्रवास करीत आणि परबेटावरील आपल्या स्नेह्यांना भेटी देत. तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत, तर शंखाची पांढरी कडी उलट दिशेने. भेट कोणीही कायमची जवळ ठेवीत नसे. शाळांच्या सामन्यांतील फिरती ढाल जशी एका शाळेकडून दुसरीकडे जाते, तशीच ती पुढे जाई. तिच्यामुळे मान वाढे व स्नेह जडे. या भेटींत घासाघीस निषिद्ध होती. नित्योपयोगी वस्तूंचा व्यापार त्याच प्रवासात होई, पण निराळा. त्यात मात्र घासाघीस चाले.

शेतीचीही तीच तऱ्हा. कोनफळासारखे कंद पिकविताना शेतकरी स्वतःच्या गरजेहून कितीतरी अधिक राबे आणि पिकातील उत्तम कंद बहिणीच्या घरी पोचते करी. अशा लोकांना आळशी अथवा केवळ स्वार्थी कसे म्हणावे? श्रम आणि देवघेव यांत नाते, प्रतिष्ठा व कर्तव्य हीही गुंतलेली असतात, हे मॅलिनोव्हस्कीने १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. आर्थिक मानवशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत त्याची गणना होते.

१९२७ साली तो लंडन येथे मानवशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढे तो अमेरिकेत गेला व तेथेच १६ मे १९४२ रोजी त्याचे निधन झाले. १९६७ साली त्याची खाजगी रोजनिशी प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत त्या बेटवासीयांविषयी चीड व तुच्छता व्यक्त करणारे उद्गार पाहून अनेकांना खेद वाटला. तो दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु रोजच्या त्या चिडीनंतरही त्याने निरीक्षण सोडले नाही. आणि ज्यांना जग रानटी म्हणून हिणवीत होते, त्यांच्या व्यवहारालाही स्वतःचा विचार व शिस्त आहे, हे सत्य त्याच्याच लेखणीने जगापुढे मांडले.