सातासमुद्रापलीकडचे माहेर

मूल शिक्षणासाठी दूर निघाले म्हणजे फीचे पैसे कसे उभे करावेत ही चिंता असतेच. पण त्याहून मोठी चिंता ही असते की, तेथे त्याला आपले म्हणणारे कोण असेल? आजारपणात त्याच्या डोक्यावर हात कोण ठेवील? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण जरूर वाचावे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या, परंतु ते मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली असती तर बाळ वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली आणि स्वतः डॉक्टर होण्याचा निश्चय त्यातूनच पक्का झाला.

पत्नीला अमेरिकेत शिकविण्यासाठी गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यास पत्र लिहिले. धर्म बदलाल तर मदत होईल, असा सूर उत्तरात निघाला. जोशी दांपत्याने तो मार्ग स्वीकारला नाही. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता, तो अंक त्यांच्या हाती पडला. ना ओळख, ना नाते. तरीही त्यांनी हिंदुस्थानातील या अनोळखी मुलीला पत्र पाठविले.

येथे जरा थांबून विचार करा. मदतीचे दोन हात पुढे आले होते. एकात अट होती, दुसऱ्यात केवळ माया होती. आनंदीबाईंनी दुसरा हात धरला. पत्रामागून पत्रे गेली आणि आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची प्रकृती बिघडल्याचे कळताच या मावशीने अमेरिकेहून औषधे पाठविली. प्रत्यक्ष भेट होण्याआधीच नाते जुळले होते.

इकडे स्वतःच्या समाजात मात्र निंदा चाललीच होती. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे जाहीर सभेत आनंदीबाईंनी आपला हेतू स्पष्ट केला आणि स्वधर्म सोडणार नाही, अशी ग्वाही दिली. पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. जून महिन्यात न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांना घेण्यासाठी मावशी आलेल्या होत्या. रोझेलचे ते घर त्यांचे दुसरे माहेर झाले. लुगडे आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. थंडीपुरती लुगडे नेसण्याची पद्धत तेवढी बदलली.

फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना आणखी आप्त लाभले. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने वागविले. जपानची केई ओकामी आणि दमास्कसची सबात इस्लामबूली या विद्यार्थिनींसमवेत १८८५ साली काढलेले त्यांचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. तिघी तीन देशांच्या, आणि तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख! ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. मायदेशी परतल्यावर थोड्याच महिन्यांत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. त्यांची रक्षा अमेरिकेत मावशींकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी मावशींच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. आपल्या वाडवडिलांशेजारी जागा द्यावी, याहून मोठी आपुलकी ती कोणती?

वाचकहो, आपल्या कोकणातील कितीतरी घरांतील कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी आखातात गेले, मुले-मुली शिक्षणासाठी शहरांत राहू लागली. विद्यार्थ्यांनो, परक्या गावी आपले आचार लपवू नका आणि प्रेमाने पुढे आलेला हात झिडकारूही नका. आनंदीबाईंना या दोन्ही गोष्टी साधल्या. आणि पालकहो, आपल्या लेकरांना दूरदेशी मायेचे घर मिळावे अशी दुआ आपण करतो. त्याच वेळी आपल्या गल्लीत शिकावयास आलेल्या परक्याच्या लेकराची विचारपूसही करू या. तो कोणत्या गावचा, कोणत्या धर्माचा, हे नंतर विचारू. जेवलास का, हे आधी विचारू.