शब्दकोड्यात ‘ओमाहा’ आलं आणि हेडमास्तरांच्या मागे गुप्तहेर लागले

साउथॅम्प्टनकडून फुटबॉल खेळलेले लिओनार्ड डॉव पुढे लंडनच्या स्ट्रँड स्कूलचे हेडमास्तर झाले. १९२५ पासून ते डेली टेलिग्राफसाठी शब्दकोडीही बनवायचे.

महायुद्धात त्यांची शाळा सरे परगण्यातल्या एफिंगहॅम गावी हलवली होती. २ मे १९४४ च्या कोड्यात अमेरिकेतलं एक राज्य ओळखायचं होतं. उत्तर युटा. २२ मेला विचारली मिसुरी नदीकाठची मूळनिवासी जमात. उत्तर ओमाहा. साधा भूगोल. पण नॉर्मंडीच्या ज्या दोन किनाऱ्यांवर अमेरिकी सैन्य उतरणार होतं, त्यांची गुप्त नावंही हीच! १ जूनपर्यंत ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यूनही छापून आले. हल्ला होता ६ जूनला.

एमआय५ चे अधिकारी डॉव यांच्याकडे धडकले. कसून चौकशी झाली, पण हाती काहीच लागलं नाही. संशय अगदीच उगाच नव्हता म्हणा. १९४२ मध्येही दिएपवरच्या हल्ल्याच्या तोंडावर टेलिग्राफच्या कोड्यात दिएप आलं होतं.

डॉव १९६३ मध्ये वारले. १९८४ मध्ये त्यांचा एक जुना विद्यार्थी बोलला. रिकाम्या चौकटीत शब्द भरायचं काम सर मुलांना द्यायचे आणि हे शब्द त्यानं जवळच्या छावणीतल्या सैनिकांकडून ऐकले होते, असं त्याचं म्हणणं. ते कळल्यावर सर हादरले. त्यांनी त्याला वह्या जाळायला लावल्या आणि गप्प राहायची शपथ घातली.